डावा हात चुगली करतो

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी, पनवेलजवळ विचुंब्यातल्या फ्लॅटमध्ये शिवणबाईंच्या उजव्या मनगटात खिडकीची काच घुसली. मज्जातंतू तुटला. घरात दुसरं कोणी नव्हतं. मनगटाला टॉवेल गुंडाळून त्या खाली उतरल्या आणि रिक्षा त्यांनीच थांबवली. संध्याकाळी पनवेलच्या एका रुग्णालयात तंतू शिवला गेला.

बाईंनी शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. डोळे मिटून कापडाला बोट लावायच्या आणि पॉपलीन की केंब्रिक ते सांगायच्या. त्या बेने इस्रायली. नवरा वारलेला, मुलगी इस्रायलमध्ये, बाकीचे नातेवाईक त्याआधीच तिकडे गेलेले. दाराच्या चौकटीवर मेझुझा होता, धर्मग्रंथातल्या ओळी आत ठेवलेली तिरपी डबी. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवायची, ही त्यांच्यातली रीत. अपघातानंतर बाई म्हणाल्या, "बोट लागलं का, ते आता ओठांना विचारावं लागतं."

तंतू पुन्हा वाढतो, पण त्यातले काही धागे भलत्याच बोटात पोचतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधे बोटांचे निरोप बंद असतात, तेव्हा मेंदूतली त्यांची जागा शेजारचे भाग व्यापतात. बाईंनी ते मला समजावलं. "उलव्यात होतं तसं. प्लॉट रिकामा दिसला की शेजारी कुंपण सरकवतो."

जागा परत मिळवायला व्यायाम होता. बाईंनी डोळे मिटायचे, दुसऱ्याने एका बोटाला स्पर्श करायचा आणि कोणतं बोट ते बाईंनी सांगायचं. मी खालच्या मजल्यावर राहतो. रोज सात वाजता वर जायचो आणि उत्तरं वहीत लिहायचो. पहिले कित्येक महिने काहीच कळत नव्हतं. पुढे अंगठ्याला हात लावला की त्या "मधलं" म्हणायच्या. चुकल्या की स्वतःलाच "बस खाली" म्हणायच्या, वर्गात म्हणत तशा.

एकदा मी बातमीच्या कामासाठी आठ दिवस बाहेरगावी होतो. परतल्यावर कळलं की बाईंनी आधी एकट्यानेच करून पाहिलं होतं. "जमत नाही रे. डावा हात चुगली करतो. कुठे लावतोय ते आधीच सांगून टाकतो." मग त्यांनी गॅसवाल्याला उजवा पंजा पुढे करून बोटाला हात लावायला सांगितलं. तो दोन पावलं मागे सरला. "बाई, आमी शिलिंडर देतो. हात नाय बगत." हे सांगताना बाई हसल्या. त्या आठवड्याची पानं वहीत कोरी आहेत.

मुलगी न्यायला आली ती यंदा जानेवारीत. बोटं पूर्ववत झाल्याशिवाय हलणार नाही, असं बाई तिला फोनवर सांगत आल्या होत्या. या वेळी तसं म्हणाल्या नाहीत. फ्लॅट विकला गेला होता. घेणारे बेने इस्रायली नव्हते, म्हणून मुलीने सकाळी बाई आंघोळीला गेल्या असताना मेझुझा काढून बॅगेत ठेवला.

टॅक्सी खाली उभी होती. बाई उंबऱ्यात थांबल्या, सवयीने डोळे मिटले आणि उजवा हात चौकटीला लावला. बोटं लाकडावरून वर गेली, खाली आली.

"इथे नाही," त्या म्हणाल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "स्क्रूची भोकं आहेत. दोन."

मी पाहिलं. भोकं दोन होती.