पांढरीचं पिल्लू

जावळ काढलं तेव्हा बासिलिया तीन वर्षांची होती. पहिली बट कापणाऱ्या धर्मपित्यानं रीतीप्रमाणे तिला मऊ लोकरीच्या अल्पाकाची एक लहानगी मादी दिली. तिच्याच पिलावळीवर पोरीचा संसार उभा राहायचा. पण त्याच पावसाळ्यात ती मादी कोल्ह्यानं नेली, आणि तेव्हापासून बासिलिया दुसऱ्यांचीच जनावरं राखत आली. आता साठीला टेकली होती. नवरा खाणीच्या गावाला गेला तो तिकडचाच झाला. मुलगी आरेकिपा शहरात कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला होती. बासिलियाचे गुडघे सकाळी उठताना वाजत, आणि चढावर तिला दर वीस पावलांना थांबावं लागे. थांबली की ती कळपाकडे बघत राही. यातली एक तरी आपली असावी, बस. मग मरायला हरकत नाही, असं ती म्हणायची नाही, पण तिच्या मनात असायचं.

गेल्या कार्निव्हलला मालक लेओन्सियोनं शब्द दिला होता. "मावशी, कळपातल्या पांढरीला मादी झाली की ती तुझी." लेओन्सियोला तिनं पाठीवर बांधून वाढवलं होतं, त्यामुळे शब्द खरा होता.

पांढरीला मादीच झाली. पण पिल्लाचे पाय जरा जास्तच लांब होते.

कार्निव्हलच्या दिवशी दगडी कोंडवाड्यात सगळे जमले. नव्या पिल्लांच्या कानांत मालकीची खूण म्हणून रंगीत लोकरीचे गोंडे ओवायचे होते. बासिलियानं स्वतः कातलेला लाल गोंडा शालीआड धरला होता. लेओन्सियोनं पांढरीचं पिल्लू गुडघ्यांत दाबलं, अंगठ्यानं पाठीवरची लोकर फाकवली आणि तोंड वाकडं केलं.

"ही अल्पाका नाही. अर्धी लामा आहे. हात लावून बघ, काथ्या नुसता."

कुणीतरी हसलं. लेओन्सियो बायकोकडे वळला. "ग्रेगोरिया, ओझी वाहणाऱ्या लामांचं कुंपण तूच लावतेस ना? नर सुटलाच कसा?"

"मी लावलं होतं," ग्रेगोरिया म्हणाली.

"लावलं होतं म्हणे. माहेरीसुद्धा तू असंच लावायचीस, म्हणून तुझ्या बापाकडे एक धड जनावर उरलं नाही."

ग्रेगोरिया चिचाची, मक्याच्या दारूची, घागर उगाच इकडची तिकडे करू लागली. लेओन्सियोनं कळपातून दुसरं पिल्लू उचललं. तपकिरी, मऊ, आखूड पायांचं, अस्सल. "मावशी, ही घे. चूक आमच्या घरची, तू कशाला भोगायचीस? आण तुझा गोंडा."

बासिलियानं हात पुढे केला. लोकर बोटांना लागली. एवढी मऊ लोकर तिनं जन्मभर कातली होती, दुसऱ्यांसाठी.

गेल्या वर्षीची ती दुपार तिला आठवत होती. गारा पडल्या होत्या, बोटं बधिर झाली होती. लामांचा कोंडवाडा वरच्या अंगाला, आणि चढायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं लामा आणि अल्पाका एकाच कोंडवाड्यात कोंबल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. जागी झाली तेव्हा लामाचा नर पांढरीपाशी होता. वर्षभर ती कुणाला काही बोलली नाही. कदाचित काही झालंही नसेल, असं स्वतःला सांगत राहिली.

लेओन्सियोनं चिचाचा पेला जमिनीवर ओतायला उचलला. धरणीमातेला पेला दिला जातो तेव्हा कोंडवाड्यात खोटं राहू द्यायचं नसतं. खोट्यावर बांधलेलं जनावर वाढत नाही.

"थांब," बासिलिया म्हणाली. "कुंपण ग्रेगोरियानं नीट लावलं होतं. लामा मीच आत घेतल्या होत्या. गारांच्या दिवशी. वर जाववलं नाही मला."

लेओन्सियोनं उचललेला पेला तसाच खाली ठेवला.

"हे उद्या सांगितलं असतंस तर चाललं नसतं का, मावशी?"

"चाललं असतं."

"मग?"

"मग काय. आज सांगितलं."

त्यानं तपकिरी पिल्लू हळूच खाली ठेवलं. ते आईकडे पळालं. "आता ते मी तुला देऊ शकत नाही. सगळ्यांनी ऐकलंय."

"मी मागितलं का?"

"पांढरीचं आहे, ते घे. पण मागच्या वर्षी म्हणालो ते हे नव्हे."

"मादीच आहे ना?" बासिलिया म्हणाली. "अल्पाका नराला दिली की हिच्या पोटी बरी लोकर येईल. तिच्या पोरीच्या पोटी आणखी बरी."

"तोपर्यंत तू असशील?" लेओन्सियोनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"ते मला काय माहीत?"

ग्रेगोरिया पुढे आली. तिनं पिल्लाची मान धरली, घट्ट, आणि बासिलियानं जाड सुईनं कान टोचला. पिल्लू ओरडलं, त्यानं लाथ मारली. ती नेमकी बासिलियाच्या गुडघ्यावर बसली. ग्रेगोरिया हळूच म्हणाली, "वर्षभर माझ्या घरची भाकरी खाल्लीस आणि गप्प बसलीस."

"बसले."

"उद्यापासून लामांचं कुंपण तू लाव."

"लावते."

संध्याकाळी कळप कुरणावरून उतरवताना लांब पायांचं पिल्लू सगळ्यांच्या पुढे धावलं आणि ओढ्यापलीकडे गेलं. दुसऱ्याचं असतं तर बासिलियानं नुसती शीळ घातली असती. ती पाण्यात उतरली.