मोह पडला तेव्हा कुठी होती?

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ध्या जागेत लियाकतभाऊ बसतात. आधी ते राइस मिलमध्ये कारकून होते, आता लोकांचे टॅक्स रिटर्न भरतात. माणूस तिरसट, पण भाडं वेळेवर देतो, म्हणून खपवून घेतो.

त्यांची पद्धत जगावेगळी. तारखा विचारल्या की माणूस गोंधळतो, म्हणून ते वर्ष हंगामावर विचारतात. मोह पडला तेव्हा कुठी होती, रोवणीले कुठी, कापणीले कुठी. मोहाची फुलं गळतात एप्रिलात, धानाची रोवणी होते जुलै-ऑगस्टात. बारा महिने बरोबर जुळतात. मी याची फार टिंगल करायचो.

गेल्या जुलैत मंजुषा आली. इथल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म सोळा, तिनं इथल्या दवाखान्याचा एकच आणला होता.

"मोह पडला तेव्हा कुठी होती?"

"मंचेरियालले. तेलंगणात."

"अन् रोवणीले?"

"रोवणीत आई गेली. फोन आला तशी निघाली, दवाखान्यात कोणाले सांगितलं बी नाई. परत गेलीच नाई मी."

"तिथचा कागद?"

"तिथी पगारातून प्रोफेशन टॅक्स कटत होता. मले वाटलं, त्या राज्याचं तिथंच मिटलं."

"तो राज्याचा टॅक्स, पोरी. इन्कम टॅक्स देशाचा. दोन्ही पगार एकाच रिटर्नमधी लागतात. फोन लाव त्यायले."

तिचा चेहराच उतरला. "कोणत्या तोंडानं मागू? हाकललंच असन त्यायनं मले."

भाऊ पुटपुटले, तिच्याकडून नंबर घेतला आणि स्वतःच बाहेर जाऊन बोलले. तासाभरात कागद मोबाइलवर आला. मी प्रिंट काढून तिच्या हातात दिली. नोकरीचा काळ लिहिला होता, एक एप्रिल ते एकतीस ऑगस्ट.

"हे चुकलं," ती म्हणाली. "मी तर नऊ ऑगस्टलेच निघाली होती."

भाऊंनी चष्मा काढला. "मी बी तेच म्हटलं त्यायले. तर म्हणे, आईचे दिवस करायले गेलेली पोरगी रजेवरच असते. महिना सरेपर्यंत वाट पाहिली, मग नाव काढलं."

मंजुषा बाकावर बसली आणि रडली. वर्षभर त्या गावाचं नावही काढलं नव्हतं, असं तीच म्हणाली. मी उगाच मशीन पुसत राहिलो.

भाऊ कीबोर्ड ओढून पुढचे रकाने भरू लागले. तिनं डोळे पुसले, मोबाइल हातात घेतला.

"रिटर्न जरा थांबू द्या, भाऊ," ती म्हणाली. "आधी मले त्यायच्याशी बोलू द्या."