गंधकी रंगाची साडी

आईच्या माहेरी रंगांना आमसुली, डाळिंबी, अबोली अशी नावं होती. त्यातलंच एक गंधकी. लिंबाहून फिकट, पिवळ्यात हिरव्याची किंचित झाक. तिच्या आत्याची तसली साडी होती म्हणे. लग्नानंतर आपणही घ्यायची, असं आईनं लहानपणीच ठरवून टाकलेलं. गंधकाला वासही असतो हे तिच्या गावीही नव्हतं.

लग्न होऊन ती बडोद्याला आली आणि नवरा मिळाला तो नेमका गंधकवाला. बाबा कारखान्यात तेलातून गंधक वेगळा काढायच्या विभागात होते. संध्याकाळी सडक्या अंड्यांचा वास त्यांच्याआधी जिना चढायचा. "आज फारच गंधकी आलात," आई दारातच म्हणायची आणि कपडे वेगळ्या बादलीत टाकायची. टाकण्याआधी शर्ट नाकाशी नेऊन बघायची, एका पाण्यात निघेल की दोन लागतील ते. आमच्या घरात त्या शब्दाचा रंग असा हळूहळू उडाला आणि वास तेवढा उरला.

तरी दर दिवाळीला बडोद्याच्या वाडी भागातल्या साडीच्या दुकानात ती विचारायचीच, "गंधकी आहे?" आणि बाबा मोडता घालायचे. "दिवसभर त्या पिवळ्या ढिगाशेजारी उभा असतो. घरी तरी तो रंग नको." आई आमसुली घेऊन परतायची. मला बाबांचा राग यायचा, खरं सांगायचं तर अजूनही येतो. साडी नेसणार ती, आणि डोळे दुखणार ह्यांचे!

निवृत्त झाल्यावर मात्र बाबा स्वतःहून म्हणाले, "चल, तुझी ती गंधकी घेऊ." मीही सोबत गेले. दुकानावर आता जुन्या मालकाचा मुलगा बसतो. शब्द त्याच्या डोक्यावरून गेला. "मासी, ए शुं? लेमन बतावुं?"

"लेमन नाही रे, हिरवट पाहिजे," म्हणत बाबाच पुढे सरसावले. त्यांनी थप्पीतून नेमकी ती साडी ओढून काढली आणि मोठ्या ऐटीत आईच्या मांडीवर ठेवली. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

आईनं पदर उलगडला, काठावरून हात फिरवला. मग साडी नाकाशी नेली, रोज शर्ट न्यायची तशीच.

"नको हो," ती म्हणाली. "वास येतो."

"अगं, कोरी आहे! खळीचा असेल."

"असेल." तिनं घडी होती तशी परत घातली. हात मात्र साडीवरच राहिला. मला फार वाईट वाटलं. दहा-पंधरा दिवाळ्या आधी हीच साडी तिनं दुकानातच अंगावर लावून बघितली असती.

बाबांनी ती उचलून आपल्या नाकाशी धरली, पुन्हा धरली. त्यांचं नाक नोकरीतच गेलंय. फोडणी करपली तरी त्यांना पत्ता लागत नाही.

"मला तर काहीच येत नाही गं," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठून येणार," आई म्हणाली आणि तिनं दुकानदाराला आमसुली दाखवायला सांगितलं.