कावळे राखायचं काम

कुरडई तेलात फुलली की तो वास मला सांगलीतल्या त्या गच्चीवर नेतो. लॉकडाऊनचा उन्हाळा होता. नोकरी सुटलेली, जतला गावी जायचा रस्ता बंद, खानावळ बंद आणि गच्चीवरच्या खोलीत मी एकटा. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. एका सकाळी खाली एकट्या राहणाऱ्या मावशी तोंडाला पदर लावून वर आल्या, जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "पोरा, कावळं राख रं जरा. लय माजल्यात." मग मी रोज काठी घेऊन उंबऱ्यावर बसू लागलो. तापलेली फरशी, गव्हाच्या चिकाचा आंबूस वास आणि संध्याकाळी कुरडया गोळा करताना मावशींच्या लांबूनच गप्पा. त्या गप्पांसाठी मी दिवस काढायचो. आठवडा उलटला. एकदा कावळ्याच्या चोचीतून एक कुरडई माझ्या पायाशी पडली आणि काचेसारखी टिचकन फुटली. मी म्हणालो, "मावशी, ह्या तर कधीच्याच वाळल्यात की!" लुगड्याची घडी घालता घालता त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "व्हय," म्हणाल्या, "पर खाली तरी कोण हाय बोलायला?" दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच कुरडया पुन्हा पसरल्या आणि मी काठी घेऊन बसलो. आता साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये मी पाकिटातल्या कुरडया तळतो, एकट्यापुरत्या. मघाशी खिडकीच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसला. मी त्याला हाकललं नाही.