माझ्या लेकीचं काम

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही. ताट पुढं ठेवलं तर जेवते, ऊठ म्हटलं तर उठते. तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. मला हल्ली चढावर दम लागतो.

माझ्यामागं तिला कोण सांभाळील, हे मी पेठला भावाच्या घरी एकदा विचारलं होतं. भावजय म्हणाली, "वन्सं, नुसती बसून खाणारी मला न्हाई झेपायची. हातानं काय तरी करत आसंल तर ठेवीन. खोटं कशाला बोलू?" मला तिचा राग आला नाही. माझे वडील तिच्याच घरी अंथरुणाला आहेत, त्यांचं सगळं तीच करते.

त्या वर्षी गावच्या सप्ताहात महाराज म्हणाले, देवानं कुणालाच उगाच धाडलेलं नाही, किडामुंगीलाही काम नेमून दिलंय. मी मुलीकडं पाहिलं. ती माझ्या पदराचा काठ चोळत बसली होती. वाटलं, हिचंही असेल. आपणच शोधलं नाही.

मी खोडदला एका वखारीवर कांदा निवडायला जाते. पावसाळ्यात साठवलेला कांदा खराब व्हायला लागतो, तेव्हा आम्ही बाया ढिगाभोवती बसून मोठा, बारका आणि सडका वेगळा करतो. मुलीला आणू का, हे मालकीणबाईंना विचारायचं म्हणून तीन दिवस शब्द तोंडाशी आले आणि मी गिळले. चौथ्या दिवशी न विचारताच तिला नेऊन बसवलं. कुणी काही म्हणालं नाही.

आणि तिला ते जमलं. कांदा नाकाशी नेऊन ती सडका बरोबर बाजूला टाकायची, वरून चांगला दिसणारासुद्धा. तिनं टाकलेला एक कांदा शेजारणीनं कापून पाहिला.

"अगं बया, आतून काळा! ही तर आपली मशीनच हाय."

दुसरी म्हणाली, "मग तुझ्या नवऱ्याचा वास दे की तिला. टाकती का ठिवती बघू."

"त्यो कवाच टाकलाय मी!"

सगळ्या हसल्या. मुलगीही हसली. तिच्या शेजारी बसून मी किती वर्षांनी हसले, आठवत नाही. त्या संध्याकाळी भावजयीला फोन केला. "लागली कामाला, माझ्याबरोबर कांद्यावर," एवढंच बोलले.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आम्हा सगळ्यांना पलीकडं गाडी भरायला बोलावलं. मुलीला मी ढिगापाशीच बसवून गेले. परत आले तर ती सालींत बसली होती. चांगले कांदे घेऊन वरची पत्ती काढत होती. लाल निघाली की खालची, आतला गुळगुळीत कांदा लागेपर्यंत. पत्तीचा चुरचुर आवाज तिला आवडला असावा. पोतंभर कांदा उघडा पडला होता. पत्ती गेलेला कांदा टिकत नाही आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तिनं मला बघून एक सोललेला कांदा पुढं केला.

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू म्हणाल्या, "मावशी, तिची काय चूक न्हाई. पण उद्यापासनं तुमी एकट्याच या."

मी जवळ असले की ती असं करत नाही, एवढं सांगायचं होतं. पण मी साली गोळा करत राहिले.

आता ती घरात असते आणि मी बाहेरून कडी लावून जाते. तिला काही काम नेमलेलं असेलच. ते हे नव्हतं. दुसरं सापडेपर्यंत मी असेन, असं मला वाटत नाही.

परवा भावजयीचा फोन आला. "वन्सं, आमचीबी वखार भरलीया. दसरा झाला की तिला आणून सोडा, दोन म्हैनं बघू. रुळली तर तुमालाबी घोर न्हाई."

सगळं सांगायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं.

तेव्हापासून रोज कामावरून आले की परातीत थोडे कांदे घेऊन तिला समोर बसवते. माझा हात तिच्या हातावर असतो तोवर ती कांदा हुंगते आणि नुसता बाजूला ठेवते. हात काढला की सोलायला लागते.