कोणाचा एडिटर उघडायचा

दादाचं आणि माझं शेवटचं भांडण एका एडिटरवरून झालं, हे मी कोणाला सांगत नाही. बहीणभावांनी शेतावरून भांडावं, घरावरून भांडावं. कंप्युटरवर लिहायच्या प्रोग्रामवरून भांडलो म्हटलं तर लोक हसतील.

दादा अकोल्यात कंप्युटरचे क्लास घ्यायचा, मी अमरावतीला कॉलेजात शिकवते. दोघांनी मिळून रोजनिशी लिहायचा एक छोटा प्रोग्राम केला होता, कोणीही नेटवरून फुकट उतरवून घ्यावा असा. आजचं पान मागितलं की तो मशीनवरचा एडिटर उघडायचा. कोणता उघडायचा, याचा नियम दादाचा होता. आधी वापरणाऱ्यानं मशीनला काय सांगून ठेवलंय ते बघायचं. त्यानं काही सांगितलं नसेल तर सिस्टिमनं नेमलेला घ्यायचा. तेही नसेल तरच आपल्या मनाचा, म्हणजे दादाचा.

दादाचा स्वतःचा एडिटर जुना, काळ्या पडद्याचा. नवखा माणूस त्यात शिरला की बाहेर कसं पडायचं ते त्याला उमगत नसे. तशा तक्रारी यायला लागल्या आणि मी एक घाव दोन तुकडे केले. नव्या आवृत्तीत सगळ्यांना माझ्या पसंतीचा सोपा एडिटर. विचारणं नाही, पुसणं नाही. दादाचा लगेच फोन आला.

"लोकाइच्या घरात जाऊन चूल कुठी मांडाची हे तू काहून ठरवून राहिली?"

"त्याइचं भलंच करून राहिली मी."

"मले इचारलं का?"

"तुले काय इचाराचं? तुह्या एडिटरमंदी माणूस अडकून मरते."

त्यानं फोन ठेवला. मीही हट्टाला पेटले, पुन्हा लावला नाही. तीन आठवडे आम्ही बोललो नाही आणि चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, दादा घरातल्याच क्लासच्या खुर्चीत गेला. हृदयाचा झटका. धावपळीत कोणाचा तरी पाय वायरला लागून समोरचा कंप्युटर बंद पडला, असं वहिनी म्हणाल्या.

तेरावं झाल्यावर मी त्याच्याच कंप्युटरवर त्याची रोजनिशी उघडली. अर्थातच माझा एडिटर उघडला. शेवटच्या दिवसाच्या पानावर एकच ओळ होती: "आज ऊन लई." बाकी कोरं. त्याचा राग गेला होता की नाही, एवढंच मला हवं होतं, आणि माझ्याबद्दल तिथं चकार शब्द नव्हता. मग त्याच ओळीखाली मी त्याला दहा ओळी लिहिल्या, माफी मागितली आणि पान सेव्ह केलं. वेडेपणाच, पण केला.

काही महिन्यांनी धारणीच्या एका शिक्षकाचा मेल आला. त्यांच्या जुन्या मशीनवर माझा एडिटर नव्हताच, उतरवून घ्यायला नेट धड नव्हतं, आणि माझ्या नव्या आवृत्तीपासून त्यांची रोजनिशीच उघडत नव्हती. मला लाज वाटली. दादाचा नियम मी जसाच्या तसा परत घातला. तो तपासायला, मालकानं स्वतःची पसंती सांगून ठेवलेलं मशीन लागणार होतं. तसं एकच मला माहीत होतं, दादाचं. सकाळची बस धरून अकोल्याला गेले.

वहिनींनी कंप्युटरवरचं कव्हर काढून दिलं. मी दुरुस्त आवृत्ती टाकून तेच शेवटचं पान मागितलं आणि या वेळी काळा पडदा उघडला. वर इंग्रजीत सूचना होती. या फाईलचा अर्धवट मसुदा शिल्लक आहे. लिहिणारा: दादाचं नाव. तारीख त्याच दिवसाची, वेळ दुपारची. आणि खाली: दुसरं कोणी आत्ता हीच फाईल लिहीत असेल, सांभाळून. मी चक्क मागे वळून पाहिलं. दारात वहिनी उभ्या होत्या.

मग उलगडलं. माझ्या त्या आवृत्तीनंतर दादानं आमचा प्रोग्राम सोडून दिला होता. तो आपल्याच एडिटरमध्ये पान हातानं उघडत होता. जाण्याआधी जे लिहीत होता ते मसुद्यात राहिलं होतं, आणि त्या मसुद्याची खबर फक्त त्याच्या एडिटरला होती. माझा एडिटर तो मसुदा न बघताच पुढे गेला होता.

मसुदा परत आणायला सांगितलं. आलं ते असं: "आज ऊन लई. क्लासले सुटी. तिचं वागनं पटलं नाही, पन नवीन पोरं अडकतात हे खरं हाय. आज फोन करून तिले सांगतो का"

वाक्य तिथंच तुटलेलं. पुढे मशीनची ओळ: इथल्या ओळी सापडत नाहीत. आणि त्याखाली माझ्या दहा ओळी.

दादाच्या पुढच्या ओळी वायर निघाल्यामुळे गेल्या, की मी मूळ फाईलवर लिहिल्यामुळे? दोन जाणकारांना विचारलं. दोघंही म्हणाले, काहीही असू शकतं.

वहिनींनी उभ्यानंच वाचलं. "फोन कराचं होतं नं त्याइच्या मनात. मंग बस झालं," म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. त्यांना तेवढं पुरलं. मला पुरत नाही. माझी माफी अजून त्या पानावर आहे, त्याच्या हरवलेल्या ओळींच्या जागी. ती पुसायची तर पुन्हा त्याच्या फाईलला हात लावावा लागेल, आणि तो आता माझ्यानं लाववत नाही.