दर पुस्तकात मरणारा मामा

नातू काल पलंगावर लोळत खदखदून हसत होता. त्याच्या पुस्तकातली एक आजी म्हणे तोफेत बसून उडाली. सून माझ्यावरच चिडली, "आई, असलं अभद्र कशाला आणून देता?" तो शब्द कानावर पडला आणि नाकात माझ्या माहेरच्या, घुग्घुसच्या कोळशाचा धूर शिरला.

ऐंशीच्या दशकातली संध्याकाळ होती. दारात सिगडी पेटलेली आणि मी पायरीवर माझ्या लाडक्या मालिकेतलं पुस्तक वाचत बसलेली. त्यातला कंजूस मामा प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मरायचा, कधी मगरीच्या जांभईत, कधी लोणच्याच्या रांजणात बुडून; आणि पुढच्या पुस्तकात चहा मागत परत यायचा. मरणाला असं हसता येतं, याचीच मला भारी मजा वाटायची.

तेवढ्यात बाबांच्या खाणीचा भोंगा अवेळी वाजला; म्हणजे खाली अपघात. आई तशीच अनवाणी खाणीकडे धावली. बाबांची वहिनी, आमची मोठीआई, माझ्यावर ओरडली, "बाप खाली हाय अन् तू मरणावर हसून राह्यली?" "अभद्र कुठचं!" म्हणत तिनं पुस्तक हिसकून सिगडीत टाकलं. शाईचा कडू वास घरभर पसरला.

दिवेलागणीला आई परतली. "बाबाले नागपूरच्या दवाखान्यात नेलं. येतीन. तू जेवून घे."

मी पोटभर जेवले. बाबा वारल्याचं तेव्हा अख्ख्या चाळीला ठाऊक होतं.

मी उपाशी झोपू नये म्हणून आई तसं बोलली, हे आज कळतं. कळून राग जात नाही. मामा परत येतो हे खोटं आहे, हे मला वाचतानाही माहीत होतं. बाबा येतील, हे मात्र मी खरं मानलं. आणि अभद्र म्हणून जाळलं ते पुस्तक.